वर्गातला दुसरा मोठा माणूस

इंग्लंडमधल्या एखाद्या प्राथमिक शाळेत सकाळी शाळा भरताना डोकावलं, तर बहुतेक वर्गांत दोन मोठी माणसं दिसतात. एक फळ्यावर तारीख लिहीत असते. दुसरी दारापाशी वाकून कुणाच्या तरी कोटाची अडकलेली चेन सोडवत असते आणि त्याच वेळी दुसऱ्याच पोराच्या आईचं ऐकून घेत असते, की दम्याचा पंप आज दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवलाय. पहिली वर्गशिक्षिका. दुसरी टीचिंग असिस्टंट, म्हणजे वर्गसहायक. शाळेत सगळे तिला टीए म्हणतात. मुलांच्या लेखी दोघीही 'मिस'च.

या दुसऱ्या माणसांची संख्या थोडीथोडकी नाही. इंग्लंडमधल्या सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांत अलीकडच्या वर्षांत, पूर्ण वेळेच्या हिशेबाने, सुमारे २ लाख ८० हजार वर्गसहायक आहेत. शिक्षक सुमारे पावणेपाच लाख. म्हणजे पाच शिक्षकांमागे जवळजवळ तीन सहायक. त्यांत बहुसंख्य बायका. सुट्ट्या सोडून शाळा चालू असते तेवढ्याच आठवड्यांचा पगार, हीच त्यांच्यातल्या अनेकींच्या नेमणुकीची अट असते. इतकी मोठी फौज वर्गात नेमकं काय करते, आणि तिच्या असण्याने मुलं खरोखर जास्त शिकतात का, याची नीट चौकशी व्हायला मात्र एकविसावं शतक उजाडावं लागलं. त्या चौकशीतून आलेलं उत्तर अनेकांना झोंबलं.

आधी कामं पाहू. हजेरी झाली की टीए पाच-सहा मुलांचा गट घेऊन कोपऱ्यात बसते आणि अक्षरांचे ध्वनी घोटून घेते. मग एकेका मुलाला शेजारी बसवून दोन-दोन पानं वाचून घेते आणि कुठे अडखळलं ते त्याच्या वाचनवहीत टिपते. गणिताच्या तासाला ती मागे पडलेल्यांच्या टेबलापाशी असते. मधल्या सुट्टीत मैदानावर पहारा. गुडघा फुटला तर धुणं, पट्टी लावणं आणि अपघाताच्या वहीत नोंद करणं. छोट्यांच्या वर्गात चड्डी ओली झाली तर बदलणं. दुपारी रंगांच्या वाट्या भरणं, नंतर त्या धुणं, भिंतीवर मुलांची चित्रं लावणं. शाळा सुटताना प्रत्येक मूल ठरलेल्या माणसाच्याच हाती जातंय ना, हे बघणं. फिट येणाऱ्या, नळीतून अन्न घेणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी नेमणूक असेल, तर खास प्रशिक्षण घेऊन करायची आणखी कामं.

एक जबाबदारी कामांच्या यादीत छोटी दिसते, पण आहे फार मोठी. मुलं घरातलं दुखणं वर्गशिक्षिकेला सांगत नाहीत. ती रंगांच्या वाट्या धुताना शेजारी उभ्या असलेल्या टीएला सांगतात. असं काही कानावर आलं तर काय करायचं, याचे तिथले नियम स्वच्छ आहेत. ऐकून घ्यायचं. उत्तर सुचवणारे प्रश्न विचारायचे नाहीत. 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द द्यायचा नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या शिक्षकाकडे लगेच द्यायचे. आपल्याकडे शाळेच्या मावशींना मुलांच्या घरची अर्धी गोष्ट ठाऊक असते. ती कुणापर्यंत पोचवायची, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आणि टीएने काय करायचं नाही? पाठाची आखणी, मूल्यमापनाचा निर्णय आणि वर्गाची अंतिम जबाबदारी शिक्षकाची. सहायकाने शिकवण्याचं जे काही काम करायचं, ते पात्र शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली आणि देखरेखीखाली, असं तिथला नियम सांगतो. कागदावर रेघ ठळक आहे. वर्गात ती कशी पुसट होत जाते, हीच या प्रकरणाची खरी गोष्ट.

वर्गात शिक्षकाला हाताखाली कुणीतरी असावं, ही कल्पना मात्र इंग्लंडची नव्हे. निदान तिची एक ठळक वाट आपल्याकडून तिकडे गेलेली आहे. डॉ. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागातल्या लष्करी अनाथालयाचा प्रमुख झाला. तिथे सैनिकांची पोरकी मुलं होती आणि शिकवणारे शिक्षक यथातथाच. बेलने एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली. कागद नको, शाई नको. आपल्याकडच्या धूळपाटीचीच ही रीत. त्याने आपल्या शिक्षकांना ती वापरायला सांगितलं, तर ते म्हणाले, जमणार नाही. तेव्हा बेलने आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्केन या मुलालाच अक्षरओळखीच्या वर्गावर बसवलं. मुलाला ते जमलं. मग बेलने सगळी शाळाच त्या पद्धतीवर आणली: मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं, शिक्षकाने वरून देखरेख ठेवायची.

गावच्या पंतोजीला यात नवल वाटलं नसतं. त्याच्या शाळेत थोरल्या पोराने पुढे उभं राहून पावकी-निमकी म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून ओढायची, हे रोजचंच होतं. मुंबई इलाख्यातल्या अशा देशी शाळांची पाहणी १८२०च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी केली. ती कागदपत्रं पुढे र. वि. परुळेकरांनी संपादित केली.

बेल विलायतेला परतला आणि १७९७ मध्ये त्याने या प्रयोगावर पुस्तक छापलं. १७९८ मध्ये लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टरने अशीच शाळा काढली. एक मास्तर आणि शेकडो मुलं, असा त्याचा दावा होता. गरिबांच्या शिक्षणावर पैसा घालायला नाखूश असलेल्यांना हा दावा आवडला नसता तरच नवल. 'मद्रास पद्धत' आणि 'लँकेस्टर पद्धत' या नावांनी ही रीत युरोप-अमेरिकेत पसरली, आणि मुंबईत एल्फिन्स्टनच्या काळात उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्थेच्या शाळांतून ती नव्या पोशाखात परत इकडेही आली. काही दशकांत तिचा भर ओसरला. कारण उघड आहे. आठ वर्षांचं पोर पाठांतर करून घेऊ शकतं. समोरच्याला का समजत नाही, हे ओळखणं त्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा, कारण दोनशे वर्षांनी तोच दुसऱ्या रूपात पुढे आला.

आजचा वर्गसहायक हा धाकट्यांना शिकवणाऱ्या त्या मोठ्या मुलाचा, म्हणजे मॉनिटरचा, थेट वंशज नाही. तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. १९५०च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमधल्या बे सिटी गावात फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर शिक्षकांना मदतनीस देऊन पाहिले गेले. शिक्षकांचा कारकुनीतला वेळ वाचतो का, हे बघायचं होतं. ब्रिटनमध्ये १९६७च्या प्लाउडेन अहवालाने प्राथमिक वर्गांसाठी मदतनीस सुचवले. १९७८ मध्ये वॉर्नॉक अहवाल आला आणि विशेष गरजा असलेली मुलं नेहमीच्या शाळांत येऊ लागली. ती आली की त्यांच्याबरोबर एक मोठं माणूसही आलं. बहुतेक वेळा ते माणूस म्हणजे परिसरातलीच एखादी आई असे.

मग आला १५ जानेवारी २००३चा करार. शिक्षक कामाच्या ओझ्याने नोकऱ्या सोडत होते, म्हणून सरकार आणि बहुतेक शिक्षक-संघटना एका टेबलाशी बसल्या आणि शिक्षकाने नेहमीची म्हणून करू नयेत अशी २५ कामं ठरवली. पैसे गोळा करणं, ढीगभर छायाप्रती काढणं, गैरहजर मुलांच्या घरी विचारणा करणं, भिंती सजवणं अशी ती कामं. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शिक्षकाने ती यादी वाचली तर त्याला हसू येईल किंवा रडू. खिचडीचा हिशेब, आधार जुळवणी, मतदार याद्या यांतलं काहीच त्या २५ मध्ये नाही, कारण शिक्षकाकडे ते कुणी देईल असं तिथे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. याच कराराने पाठाच्या आखणीसाठी शिक्षकाचा दहा टक्के वेळ राखून ठेवला. तो वेळ शिक्षक वर्गाबाहेर असणार, तर वर्गात कोण? उत्तर तयार होतं: टीए. 'उच्च स्तर सहायक' असं नवं पद निर्माण झालं. सहायकांची संख्या भराभर वाढली. छायाप्रती काढायला आणलेला माणूस बघता बघता शिकवू लागला, आणि शिकवू लागला तेही ज्यांना सर्वांत कुशल शिक्षकाची गरज होती अशा मुलांना.

याच काळात लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये पीटर ब्लॅचफर्ड यांच्या नेतृत्वाखाली एक मोठी पाहणी सुरू झाली. २००३ पासून पाच-सहा वर्षं ती चालली. तिच्यात ८,०००हून अधिक मुलांच्या प्रगतीकडे पाहिलं गेलं. निष्कर्ष असा, की ज्या मुलांना सहायकाची मदत सर्वांत जास्त मिळाली, त्यांची प्रगती तशाच पण कमी मदत मिळालेल्या मुलांपेक्षा कमी झाली. पटकन सुचणारी शंका अशी, की ही मुलं मुळातच मागे होती, म्हणून तर त्यांना मदत दिली होती! संशोधकांनी ती शक्यता धरली होती. मुलांचे आधीचे गुण आणि विशेष गरजा हिशेबात घेऊनही फरक उरलाच.

वर्तमानपत्रांना मथळे मिळाले. खर्च कपातीच्या शोधात असलेल्यांना निमित्त मिळालं. सहायक बायकांना वाटलं, आपल्या कष्टांवर कुणीतरी पाणी ओतलं. खरं तर अहवालाचा रोख त्यांच्यावर नव्हताच. दोष त्यांच्या वापराच्या पद्धतीत होता, आणि ती ठरवणारी माणसं वेगळी होती.

संशोधकांनी वर्गांत बसून जे टिपलं, ते कुठल्याही शिक्षकाला ओळखीचं वाटेल. मागे पडणाऱ्या मुलांचं टेबल टीएच्या स्वाधीन होई. त्यामुळे वर्गशिक्षिकेशी त्या मुलांचं बोलणं कमी होई. टीएची मदत शिक्षिकेच्या शिकवण्यात भर घालण्याऐवजी तिची जागाच घेई. टीएला आज काय शिकवायचं आहे, हे मुलांबरोबरच कळे. तासाला शिक्षिका बोलू लागली की तीही ऐके आणि दोन मिनिटांनी तेच मुलांना समजावू लागे. दोघींनी एकत्र बसून बोलायला वेळापत्रकात जागाच नव्हती. जे बोलणं होई ते जिन्यात किंवा चहाचा कप हातात धरून. सहायकाबरोबर काम कसं करावं याचं प्रशिक्षण जवळजवळ तीन-चतुर्थांश शिक्षकांना कधीच मिळालं नव्हतं.

आणि बोलण्याची तऱ्हा. शिक्षक साधारणपणे समजावतो, विचारतो, थांबतो. सहायकाच्या बोलण्यात 'हे लिही', 'ते पूर्ण कर', 'बरोबर, आता पुढचं' यांचा भरणा होता. काम पुरं होण्याकडे तिचं लक्ष होतं, समजण्याकडे कमी. मूल अडलं की ती उत्तर देऊन मोकळी होई. यात तिचा आळस नव्हता, मायाच होती. शेजारच्या टेबलावरच्या मुलांची पानं भरली आहेत आणि आपल्या पोराचं कोरं, हे बघवत नाही. त्याचा खोट्या प्रगतीने भरलेला कागद मग शिक्षिकेसमोर जातो आणि तिला वाटतं, याला हातच्याची बेरीज आली की.

अमेरिकेतला एक जुना पुरावाही याच बाजूचा आहे. टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात ७९ शाळांत एक मोठा प्रयोग झाला. मुलांना सोडत काढून तीन प्रकारच्या वर्गांत टाकलं गेलं: १३ ते १७ मुलांचा छोटा वर्ग, २२ ते २५ मुलांचा नेहमीचा वर्ग, आणि नेहमीचाच वर्ग पण पूर्ण वेळ सहायकासह. छोट्या वर्गांतली मुलं पुढे गेली. सहायक असलेल्या वर्गांना मात्र नुसत्या मोठ्या वर्गांपेक्षा सांगण्यासारखा फायदा झाला नाही. नुसतं आणखी एक माणूस वर्गात उभं केल्याने शिक्षण वाढत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

मग काय केलं तर वाढतं? इथे गोष्ट जरा उमेद देते. इंग्लंडमध्येच नंतर झालेल्या अनेक प्रयोगांत असं दिसलं, की सहायकाला एखादा ठरावीक, पायरीपायरीचा कार्यक्रम शिकवला, छोटा गट दिला, आठवड्यातून काही वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाचं सत्र दिलं, तर मुलं वाचनात किंवा गणितात वर्षभरात साधारण तीन-चार महिन्यांची जास्तीची मजल मारतात. २०१५ मध्ये तिथल्या एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशनने शाळांसाठी मार्गदर्शिका काढली, तिच्यात हेच सूत्र आहे. डेन्मार्कमध्ये सहावीच्या वर्गांवर सोडत काढून केलेल्या प्रयोगातही वाचनात फायदा दिसला, आणि तो शिक्षकाची पदवी नसलेल्या सहायकांच्या वर्गांतही दिसला.

दुसरी सुधारणा बोलण्यातली. ब्लॅचफर्ड यांचे सहकारी रॉब वेबस्टर आणि त्यांच्याबरोबर पॉला बोसँक्वेट व ज्युली रॅडफर्ड यांनी सहायकांसाठी मदतीची एक उतरंड मांडली. मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते, कारण ती घरी अभ्यास घेणाऱ्या आई-आजोबांनाही उद्यापासून वापरता येईल.

समजा दुसरीतली मुलगी ४७ अधिक ३८ या गणितावर अडली आहे. सर्वांत वरची पायरी म्हणजे काहीच न बोलणं. शेजारी बसायचं आणि बघायचं. दहा सेकंद, वीस सेकंद. मोठ्या माणसाला ही शांतता फार जड जाते, पण अनेकदा मुलगी याच वेळात स्वतः वाट शोधते. ती नुसतीच पेन्सिल चावत राहिली तर दुसरी पायरी: 'आता काय करायचं ठरवलंयस?' यात गणिताबद्दल काहीच सांगितलेलं नाही. फक्त विचाराला ढकललं आहे. तरी गाडी हलली नाही तर इशारा: 'एककांची बेरीज कर बघू. दहाच्या वर गेली का?' एका वेळी एकच आणि जमेल तेवढा छोटा. तोही पुरला नाही तर चौथी पायरी: आपण दुसरं गणित करून दाखवायचं, २६ अधिक १७, तोंडाने बोलत बोलत: 'सहा आणि सात तेरा, तीन इथे लिहिले, हातचा एक दशकाच्या डोक्यावर.' मग वही पुन्हा तिच्याकडे. आणि अगदी शेवटी, सगळं संपल्यावर, दुरुस्ती: '८५. हातचा मिळवायचा राहिला होता.'

आपण बहुतेक सगळे या उतरंडीवर खालून सुरुवात करतो. मूल थांबलं की उत्तर. शिकवणीच्या बाई, ताई, दादा, आई, सगळेच. उतरंडीचा नियम उलटा आहे: वरून सुरुवात करायची आणि लागेल तेवढंच खाली यायचं. चांगल्या सहायकाची ओळख यावरून पटते, की तास संपताना मुलाला तिची गरज तासाच्या सुरुवातीपेक्षा कमी वाटते.

आता मुंबईत येऊ, कारण वर्गसहायकावरचा जगातला एक फार महत्त्वाचा प्रयोग इथेच झाला आहे आणि मराठी वाचकांना तो फारसा माहीत नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यात माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत 'प्रथम' ही संस्था उभी केली. तिच्या अनेक उपक्रमांपैकी एक 'बालसखी'. कल्पना साधी होती. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली तरुणी निवडायची, वर्षाच्या सुरुवातीला दोन आठवडे प्रशिक्षण द्यायचं आणि महापालिकेच्या शाळेत पाठवायचं. तिसरी-चौथीत बसून पहिलीचंही न येणारी मुलं तिने रोज साधारण दोन तास वर्गाबाहेर न्यायची. एका वेळी पंधरा-वीस. रिकामी खोली मिळाली तर खोलीत, नाहीतर व्हरांड्यात किंवा मैदानात. शिकवायचं ते अगदी मूळचं: अक्षरं, शब्द, अंक, बेरीज-वजाबाकी. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात सोडत काढून शाळा निवडल्या आणि हा कार्यक्रम तपासला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच प्रयोगांच्या पद्धतीसाठी. बालसखीच्या शाळांतल्या मुलांचे गुण पहिल्या वर्षी वाढले, दुसऱ्या वर्षी आणखी वाढले. शिक्षणातल्या प्रयोगांच्या मानाने ही वाढ चांगलीच मोठी होती, आणि खर्च एका मुलामागे वर्षाला शंभरेक रुपये.

त्या निकालात एक बारकावा आहे. मागे पडलेली मुलं बालसखीकडे गेली, की वर्गात शिक्षकापुढे कमी मुलं उरत. आणि जी उरत ती पुढची असत. म्हणजे त्यांचाही फायदा व्हायला हवा होता. तो जवळजवळ झालाच नाही. सगळी वाढ बालसखीकडे गेलेल्या मुलांची. दहावी झालेली मुलगी जे करू शकली ते पदविकाधारक शिक्षकाला का जमलं नाही? ती जास्त हुशार होती म्हणून नव्हे. शिक्षकाला चौथीचं पुस्तक संपवायचं होतं. बालसखीला समोरच्या पोराला वाचता यायला हवं होतं. ती मुलाच्या पायरीवर उतरून शिकवत होती, आणि तेच तिचं काम ठरवून दिलेलं होतं. 'मुलाच्या पातळीनुसार शिकवणं' ही पुढे 'प्रथम'ची जगभर पोचलेली पद्धत झाली. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने फायदा बराच ओसरलेला आढळला, हेही सांगायला हवं. सहायकाची मदत म्हणजे एकदा टोचलेली लस नव्हे.

इंग्लंड आणि मुंबई शेजारी ठेवून पाहिलं तर चित्र स्पष्ट होतं. दोन्हीकडे कमी शिकलेली बाई, दोन्हीकडे मागे पडलेली मुलं. एकीकडे नुकसान, एकीकडे फायदा. फरक पगाराचा किंवा पदवीचा नाही. त्या दोन्हींत इंग्लंडची टीए वरचढच होती. बालसखीकडे ठरावीक काम होतं, त्याची तयारी होती आणि वेळ राखून ठेवलेला होता. टीएकडे होतं एक टेबल आणि 'यांच्याकडे जरा बघ' एवढी सूचना.

विशेष गरजा असलेल्या मुलाचा प्रश्न याहून नाजूक. मुंबई-पुण्याच्या खाजगी शाळांत आता 'शॅडो टीचर' असते: स्वमग्न किंवा अतिचंचल मुलाच्या शेजारी दिवसभर बसणारी, आणि बऱ्याचदा तिचा पगार पालकांच्या खिशातून. शाळेच्या लेखी प्रश्न तिथे सुटतो. अमेरिकेत मायकेल जियानग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा चिकटून बसणाऱ्या मदतीचे परिणाम लिहून ठेवले. वर्गशिक्षक त्या मुलाला आपलं मानेनासा होतो. बाकीची मुलं त्याच्याजवळ येत नाहीत, कारण मधे सतत एक मोठं माणूस. मूल प्रत्येक गोष्टीला तिच्या तोंडाकडे बघायला शिकतं. मूल वर्गात आहे आणि वर्गाचं नाही, अशी ही अवस्था. पालकांच्या अगतिकतेबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, पण शॅडो टीचर आणा म्हणून प्रवेशाची अट घालणाऱ्या शाळांबद्दल अजिबात नाही. त्या मुलाची जबाबदारी वर्गशिक्षकाची, आणि विशेष शिक्षकाचा सल्ला त्याला मिळायला हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर केंद्र सरकारने अशा मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवून दिलं. सहायक हा त्या शिक्षकाच्या हाताखालचा माणूस. त्याला पर्याय नव्हे.

आपल्या गावोगावी दिसणारी खरी दुसरी बाई मात्र अंगणवाडीत आहे. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून सेविका आणि मदतनीस ही जोडी ठरलेली. मदतनीस घरोघरी जाऊन मुलं गोळा करते, अंगण झाडते, पाणी भरते, खाऊ शिजवते, वाढते, भांडी घासते. सेविकेकडे शिकवणं, वजनं, लसीकरण, गरोदर बायकांच्या भेटी आणि नोंदवह्यांचा डोंगर. या सगळ्यात बडबडगीतांना किती वेळ उरत असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. तमिळनाडूत कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी ६४० अंगणवाड्यांवर प्रयोग करून पाहिला. निम्म्या केंद्रांत अर्ध्या दिवसासाठी एक जास्तीची कार्यकर्ती दिली, जिचं काम एकच: पूर्वप्राथमिक शिक्षण. तिथे शिकवण्याचा वेळ दुपटीने वाढला, आणि दीड वर्षाने मुलांच्या भाषेत आणि गणितात स्पष्ट फरक पडला. शिवाय मूळ सेविकेचा वेळ मोकळा झाला, तो तिने पोषणाच्या कामाला दिला, आणि कुपोषणही घटलं.

महाराष्ट्राच्या शाळांत असं पद रीतसर कुठेच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, अशी गणितं आहेत. वरच्या वर्गांसाठी कला आणि कार्यशिक्षणाचे अर्धवेळ निदेशकही आहेत. वर्गसहायक नाही. आपल्याकडचा 'शिक्षण सेवक' नावाने सहायक वाटला तरी तो पूर्ण पात्र शिक्षकच असतो; वर्ग सबंध त्याचाच, मानधन तेवढं अपुरं. त्यामुळे वर्गातली दुसरी माणसं मागच्या दाराने येतात: २०२४ नंतर युवा प्रशिक्षण योजनेतून काही महिन्यांसाठी आलेली मुलंमुली, एखाद्या संस्थेचे स्वयंसेवक, लोकवर्गणीतून ठेवलेल्या ताई, इंग्रजी शाळांतल्या असिस्टंट टीचर आणि सगळीकडच्या मावशी. शिक्षक रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेला की यांना वर्गात उभं करणं सोयीचं असतं.

तुमच्या मुलाच्या किंवा गावच्या शाळेत असं कुणी असेल, तर पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: या आठवड्यात तिने कुठल्या मुलांबरोबर काय करायचं हे ठरलं आहे का, आणि तिच्याशी बोलायला वर्गशिक्षकाला वेळापत्रकात पंधरा मिनिटं दिली आहेत का? दिली नसतील तर ती मिळेपर्यंत पाठपुरावा करा. नवीन माणूस मागण्याआधी हे काम करायला हवं.